‘इथं कुणीच नाही’ : उजनीकाठच्या कॅम्पिंग व्हिडिओंचं काय करायचं?

उजनीच्या बॅकवॉटरवर गाडी लावून रात्र काढणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पाहिले नसतील तर फोनवर शोधा, रांग लागेल. कुणी टेम्पो ट्रॅव्हलर कापून-जोडून केलेलं मोटरहोम आणलेलं असतं, कुणी बोलेरोच्या टपावर तंबू लावलेला असतो, कुणी बाइकवर सगळं बांधून आलेलं असतं. गाडी डांबरी सोडते, कच्च्या रस्त्यानं काठाला येते, दार उघडतं, समोर पाणी आणि पाण्यात गुलाबी ठिपके. मग ते वाक्य येतं. मराठीत, हिंदीत, कधी नुसतंच हात पसरून. ‘इथं कुणीच नाही!’

या वाक्यात मोठा आनंद असतो आणि तो खोटा नसतो. शहरातल्या गर्दीतून, खोलीतल्या तीन जणांतून, ऑफिसच्या ग्रुपवरच्या मेसेजांतून सुटून आलेल्या माणसाला एक संध्याकाळ एकटं मिळणं ही चैन नाही, गरज आहे. त्यामुळे या व्हिडिओंना नुसतं हसून उडवणं मला पटत नाही. पण आपल्याकडे प्रवासवर्णनांची समीक्षा होते, या व्हिडिओंची होत नाही. आज प्रवासवर्णन वाचणाऱ्यांपेक्षा पाहणारे कितीतरी जास्त आहेत. तेव्हा हा एक साहित्यप्रकार आहे असं मानून त्याच्याकडे नीट बघू. त्याचं व्याकरण काय, त्याला काय जमतं, काय दिसत नाही.

जमतं ते आधी

या व्हिडिओंनी एक मोठं काम केलं आहे. निसर्ग म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सह्याद्री आणि कोकण येतं. धबधबा, धुकं, माड, समुद्र. पुण्याच्या पूर्वेला यवत, पाटस, दौंड, भिगवण या रस्त्याकडे आपण सोलापूरला किंवा पंढरपूरला जाताना खिडकीतून बघायचो, आणि ‘इकडं काय, सगळं कोरडं’ म्हणून डोळे मिटायचो. सरकारी कागदांतही या माळांना ‘पडीक’ म्हणायची रीत. त्या पडीक माळावर चिंकारा असतो, लांडगा असतो. दौंडला लागूनच, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर, आणि ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी राखलेलं आहे. हे शाळेच्या पुस्तकातून फार कुणाला कळलं नसेल. फोनवरून कळलं. विशीतली मुलं-मुली माळ बघायला पहाटे उठून जायला लागली, हे या व्हिडिओंचं श्रेय आहे आणि ते द्यायला हवं.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणं हा आता काही हौशी लोकांचा खुळा नाद राहिलेला नाही. तो वाढणार. म्हणूनच त्याची गोष्ट कशी सांगितली जाते, हे महत्त्वाचं आहे.

व्याकरण

असे पाच-सहा व्हिडिओ ओळीनं पाहिलेत की साचा कळतो. पहिला शॉट ड्रोनचा : वरून गाडी, एकटी, आजूबाजूला मैलभर काही नाही. दुसरा गाडीच्या आतला : घडीचा पलंग, छोटा गॅस, दिव्यांची माळ. तिसरा चहाचा. चौथा सूर्यास्ताचा. पाचवा शेकोटीचा. सकाळी पक्षी. शेवटी ‘लोकेशन हवं असेल तर कमेंट करा’.

यात काय नाही ते बघा. रस्ता कुणाला विचारला ते नाही. जागा कुणाची ते नाही. पाणी कुठून भरलं, सांडपाणी कुठं सोडलं, सकाळी कुठं गेलो, यातलं काही नाही. काठावर होड्या उभ्या असतात, पण होडीवाला नसतो. जाळं वाळत घातलेलं सुंदर दिसतं, ते कुणी घातलं हे दिसत नाही. थोडक्यात, ‘इथं कुणीच नाही’ हे वाक्य खरं ठरावं यासाठी फ्रेम जपून कापलेली असते.

कुठलीही गोष्ट सांगायची तर निवड करावीच लागते, सगळं दाखवता येत नाही, हे मान्य. पण निवडीमागं काय आहे ते विचारता येतं. या प्रकारात निवड एकाच दिशेनं होते. माणूस काढला की जागा ‘वाइल्ड’ होते.

हा बीच म्हणजे एक तारीख आहे

आता त्या जागेबद्दल. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पण पाणी मागं पसरत इंदापूर, करमाळा, कर्जत असं करत दौंड तालुक्याच्या टोकाला खानोट्यासारख्या गावांपर्यंत येतं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, आणि गंमत अशी की त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, हा ‘मृतसाठा’ आहे. म्हणूनच उन्हाळ्यात सोलापूरकर ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असं म्हणतात. धरणाची टक्केवारी शून्याखाली जाते, म्हणजे मृतसाठ्याला हात लागलेला असतो.

ज्याला व्हिडिओत ‘बीच’ म्हणतात तो या उतरत्या पाण्यानं तयार होतो. पावसाळा संपताना जिथं पुरुषभर पाणी असतं, तिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये मऊ गाळ उघडा पडतो. तो गाळ समुद्रकिनाऱ्यासारखा कायमचा नाही. दरवर्षी तो येतो आणि जातो. काही ठिकाणी त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर पीक घेतात, तिला गाळपेर म्हणतात. तेव्हा तुमच्या मोटरहोमचं चाक जिथं टेकलं ती जागा गेल्या महिन्यात तळं होती, पुढच्या महिन्यात कुणाचं तरी शेत असू शकते, आणि पन्नास वर्षांपूर्वी कुणाचं तरी घर असू शकतं.

हे शेवटचं मी अलंकार म्हणून लिहीत नाही. या पाण्याखाली गावं गेली. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव त्यातलं सर्वांत माहितीतलं. पाणी फार उतरलं की तिथलं पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं. मग त्याचे व्हिडिओ येतात, तेही ड्रोनमधून, तेही एकटं. मंदिर एकटं नव्हतं. त्याच्याभोवती गाव होतं, त्या गावाची माणसं उठून नवीन पळसदेवात आणि कुठं कुठं गेली. देऊळ वर आलं की दर्शनाला येणाऱ्यांत तीही असतात. त्यांच्यासाठी तो ‘हिडन जेम’ नसतो.

आणि पाण्यावरून जाणाऱ्या होड्या? व्हिडिओत त्या ‘बोट राइड’ असतात. पण धरणानं समोरासमोरची गावं तोडली, रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, म्हणून रोजच्या कामाला माणसं होडीनंच जातात. मे २०२४ मध्ये करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी अशीच एक होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं बुडाली. ती पर्यटक नव्हती. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी या पाण्यावर वारा कसा उठतो, हे त्या काठावरचं कुणीही सांगेल. विचारलं तर.

गुलाबी रंग कुठून येतो

आता पक्षी, कारण या व्हिडिओंचा जीव त्यांच्यात आहे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. कच्छच्या रणात त्यांची वीण होते, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात ते दिसतात. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून गाळातलं पाणी जिभेनं आत-बाहेर खेचतो आणि चोचीतल्या गाळणीत अडकलेले बारीक जीव आणि शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. खाणं नीट मिळालं नाही तर रंग फिका पडतो.

आता या प्रकारातला सर्वांत लाडका शॉट आठवा. पाण्यावर थवा उभा आहे, ड्रोन जवळ जातो, आणि सगळा थवा एकदम उठतो. लाल-काळे पंख उघडतात, खाली पाण्यावर पावलांच्या रेघा उमटतात. अप्रतिम दिसतं. संगीत इथंच चढतं. पण त्या रेघा का उमटतात? कारण रोहित जागच्या जागी उडू शकत नाही. एवढं अंग उचलायला त्याला पाण्यावर पळत जावं लागतं. प्रत्येक उड्डाणाला शक्ती लागते, आणि ती खाण्यातून येते, आणि खाणं तर ड्रोननं थांबवलं. म्हणजे आपण ज्या रंगासाठी आलो, तो रंग तयार होण्याचं काम थांबवूनच तो रंग टिपला.

या शॉटला माझी हरकत कायद्याची नाही, कथनाची आहे. वन्यप्राण्याचा उत्तम व्हिडिओ कुठला, तर ज्यात प्राणी आपलं काम करतो आहे. उठलेला थवा आपल्याला फक्त ड्रोनबद्दल सांगतो. खाणारा थवा रोहिताबद्दल सांगतो. कुंभारगावातले मासेमारी करणारे काही जण आता पक्षी दाखवण्याचं काम करतात. होडी काठीनं रेटत, आवाज न करता, थव्याला कळेल न कळेल इतक्या अंतरावर ते नेऊन थांबवतात. ती थांबण्याची जागा ठरवणं हीच खरी कला आहे. ती या व्हिडिओंत जवळजवळ कधीच दिसत नाही, कारण ती दाखवायची तर होडीवाल्याचा हात दाखवावा लागेल.

आणि अजून एक. या गाळात एवढं खाणं आलं कुठून? शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, रांजणगाव सांडसजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी याच वाटेनं उजनीत उतरतं, आणि उजनीचं पाणी पुढं सोलापूर पितं. त्या पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं. काही पक्ष्यांना ते मानवतं, माशांना आणि माणसांना त्याचा त्रास होतो. म्हणजे पुण्याहून शहर मागं टाकून आपण इथवर गाडी चालवत येतो, तेव्हा शहर आपल्या आधीच तिथं पोचलेलं असतं. ‘अनटच्ड’ म्हणतात त्या पाण्यात आपल्याच मोऱ्यांचं पाणी असतं. हे सांगणारा कॅम्पिंग व्हिडिओ मला पाहायला आवडेल. तो कमी सुंदर असेल असं मला वाटत नाही.

रात्र कुणाची

शेकोटीच्या शॉटकडे येऊ. या प्रकारात रात्र नेहमी शांत असते. तारे, रातकिडे, गिटार. भीमेच्या काठानं थोडं वर, शिरूर तालुक्यात गेलं की हीच रात्र वेगळी होते.

शिरूर हा जुन्नर वनविभागाचा भाग. घोड आणि भीमेच्या पाण्यावर इथं ऊस वाढला, आणि उसात बिबट्या वाढला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्याची माद उसाच्या फडातच पिल्लं घालते. जंगल वेगळं आणि शेत वेगळं ही रेघ तिथं पुसली गेली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं होती. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेल्या बायांचे फोटो तेव्हा सगळीकडे फिरले. लोकांनी महामार्ग अडवला. मागण्यांत एक जुनीच होती : शेतीला वीज दिवसा द्या. कारण वीज रात्री येते, आणि मग मोटार चालू करायला, बारे द्यायला रात्रीच उसात शिरावं लागतं.

‘वाइल्ड नाइट’ हा शब्द या माणसांसमोर ठेवून बघा. ‘वन्यजीवांच्या सान्निध्यात एक रात्र’ यासाठी कुणी पैसे मोजतं, आणि त्याच तालुक्यात कुणी ती रात्र टळावी म्हणून रस्त्यावर बसतं. दोघंही खरं बोलत असतात. पण गोष्ट एकाचीच व्हायरल होते.

आणखी एक रात्र आहे. दिवाळीनंतर दौंड-शिरूरच्या साखर कारखान्यांच्या आसपास, रस्त्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पाचट, बांबू, प्लॅस्टिकचा कागद. बीड, अहिल्यानगरकडून आलेले ऊसतोड मजूर चार-पाच महिने त्यात राहतात. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली, तीत भांडी, अंथरूण, पोरं, कधी कोंबड्या. चाकांवरचं घर याहून वेगळं काय असतं? तेही उघड्यावर राहतात, चुलीवर चहा करतात, तारे त्यांनाही दिसतात. पण याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला न्हाणी नाही, संडास नाही. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्यामागं हे जगणंही होतं. उघड्यावरची रात्र ही निवड असेल तर कॅम्पिंग, नाइलाज असेल तर कोपी. फरक तंबूच्या कापडाचा नाही, सकाळी परत जायची सोय आहे की नाही याचा आहे.

साखरेचा एक धागा

इथं मला ‘नोमॅडलँड’ आठवतो. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं पुस्तक २०१७ चं, क्लोई जाओचा सिनेमा २०२० चा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. नेवाडातल्या एम्पायर या गावातली जिप्समची कंपनी बंद पडते, गावच संपतं, आणि फर्न नावाची साठीतली बाई व्हॅनमध्ये राहायला लागते. ती फिरते ते हौसेनं नाही, काम जिथं असेल तिथं. कधी अ‍ॅमेझॉनच्या गोदामात, कधी कॅम्पसाइटवर साफसफाईला, आणि कधी साखरेच्या बीटच्या हंगामात. अमेरिकेतही चाकांवरच्या बिऱ्हाडाला साखरच बोलावते, हे पाहून आपल्याकडचा गाळप हंगाम आठवल्याशिवाय राहत नाही.

हा सिनेमा निर्दोष नाही. गोदामातल्या राबणुकीवर तो फार मवाळ आहे, अशी टीका त्याच्यावर झाली आणि ती मला रास्त वाटते. सूर्यास्त त्यातही भरपूर आहेत. पण तो दोन गोष्टी करतो ज्या आपले व्हिडिओ करत नाहीत. एक, तो बादली दाखवतो. व्हॅनमध्ये राहणाऱ्या बाईचं पोट बिघडलं तर काय, हे तो लाजत नाही. दुसरं, फर्नच्या आसपास माणसं आहेत, त्यातली बरीचशी खरीखुरी व्हॅनमध्ये राहणारी, स्वतःच्याच नावानं पडद्यावर आलेली. ती बोलतात आणि कॅमेरा ऐकतो. त्यामुळे शेवटी जे मोकळं माळरान दिसतं ते रिकामं वाटत नाही. त्यात कोण कोण होतं हे आपल्याला माहीत असतं.

आपल्याकडचा मुक्काम

पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपलीच. आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन, वन्यजीवांच्या शेजारी, उघड्यावर मुक्काम करण्याची सर्वांत जुनी रीत याच मुलखात आजही चालते. ती धनगरांची.

पुण्याच्या पूर्वेकडचे, शिरूर-बारामतीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडे घेऊन निघतात, काही घाट उतरून कोकणापर्यंत जातात, पावसाआधी परततात. घोड्यावर सामान, सामानावर लहान मूल, बाजूला कुत्री. रात्री मेंढ्या जाळ्यात कोंडायच्या, लांडग्याची चाहूल घ्यायची. ते शेतात उतरतात ते फुकट नाही. मेंढ्या बसल्या की शेताला खत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे मुक्काम हा दोघांत ठरलेला व्यवहार असतो. कुणाच्या शेतात, किती रात्री, कशाच्या बदल्यात. धनगराला ‘इथं कुणीच नाही’ असं म्हणता येत नाही, कारण कुणीच नसेल तर मेंढ्या बसवायच्या कुणासाठी?

मराठी साहित्यात या जगाची सर्वांत मोठी कादंबरी म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वस्तीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर. तो बाहेरचा आहे. सुरुवातीला त्याला शाळेत मुलं मिळत नाहीत, माणसं संशयानं बघतात. हळूहळू तो पत्रं लिहून देतो, भांडणं सोडवतो, पैसे सांभाळतो, तालीम बांधायच्या कामात पडतो, आणि वाडी त्याला आपलं म्हणते. मग दुष्काळ येतो आणि वाडी उठते. माणसं मेंढरं घेऊन जगायला निघून जातात.

आता गंमत बघा. ‘बनगरवाडी’ जिथं संपते तिथं जो माळ उरतो, तो दिसायला अगदी आपल्या व्हिडिओच्या पहिल्या शॉटसारखा आहे. मोकळं आभाळ, उघडा माळ, माणूस नाही. कादंबरीत तो सर्वांत मोठा घाव आहे, कारण तोवर आपण त्या माळावरच्या एकेकाला ओळखायला लागलेलो असतो. व्हिडिओत तीच चौकट सर्वांत मोठं बक्षीस आहे, कारण आपण कुणालाच ओळखत नाही. चौकट तीच, पण आधी काय सांगितलं यावर तिचा अर्थ पालटतो. या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाचं नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’, म्हणजे ‘गावाला भिंती नव्हत्या’, असं आहे. भिंती नसल्या म्हणजे गाव नसतं असं नाही. मोटरहोमच्या खिडकीतून हे कळायला जरा वेळ लागतो, एवढंच.

दुसरं नाव मारुती चितमपल्लींचं. मूळचे सोलापूरचे, म्हणजे या भीमेच्याच मुलखातले. आयुष्य वनखात्यात काढलं, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं लेखनही बहुतेक वेळा एका माणसाच्या रानातल्या मुक्कामाचंच आहे. पण ते रानात गेले की आधी नावं विचारत. नवेगाव बांधला असताना तिथल्या जाणत्या माणसांकडून, कोळ्या-गोंडांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, माशांची बोलीतली नावं गोळा केली, आणि पुढं ती मराठीला दिली. व्हिडिओत ज्यांना नुसतं ‘बर्ड्स’ म्हणतात, त्यात रोहित असतो, चक्रवाक असतो, चित्रबलाक असतो, हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब असतो. नाव कळलं की तो आला कुठून हे विचारावंसं वाटतं. आणि नाव सांगणारा माणूस फ्रेममध्ये येतो.

अर्थात चितमपल्लींकडे सरकारी अधिकार होता, माडगूळकरांच्या मास्तरकडे संस्थानची नेमणूक होती. रात्रभरासाठी आलेल्या मुलामुलीकडे हे दोन्ही नाही, आणि वर्षं तर नाहीतच. एका वीकएंडकडून ‘बनगरवाडी’ची अपेक्षा करणं हा अन्याय होईल. पण कितीही छोट्या मुक्कामाला एक प्रश्न विचारता येतो : तुला इथं राहू कुणी दिलं? त्याचं उत्तर व्हिडिओत असेल तर तो व्हिडिओ बदलतो.

शिरूरमधलीच मोराची चिंचोली घ्या. चिंचेची झाडं आणि मोर, यावरून गावाचं नाव. लोक तिथं मोर बघायला जातात, पण उतरतात शेतकऱ्याच्या घरी. सकाळी मोर खळ्यात, अंगणात, माणसांच्या ओळखीनं फिरतात. तिथले व्हिडिओही गोड आणि एकसारखे असतात, पिठलं-भाकरीचे शॉट जरा जास्तच असतात. तरी त्यात ‘इथं कुणीच नाही’ असं कुणी म्हणत नाही. म्हणता येणारच नाही, कारण वाढणारी मावशी फ्रेममध्ये असते. मोर त्यामुळे कमी सुंदर दिसतो का?

मग करायचं काय

मी नियमावली लिहीत नाही. गाळात गाडी घालू नका, कचरा परत न्या, पक्ष्यांवर ड्रोन सोडू नका, हे फलकांवर लिहायचं काम फलकांचं. समीक्षेचं काम वेगळं : या प्रकारात अजून काय करता येईल ते दाखवणं.

एक व्हिडिओ असा करता येईल जो सूर्यास्तानं सुरू न होता रस्ता विचारण्यानं सुरू होतो. ज्याला विचारलं त्याचं गाव पूर्वी कुठं होतं हे कळतं, आणि तो पाण्याकडं हात करतो. एक असा, जो एकाच जागेवर तीनदा जातो : ऑक्टोबरात, मार्चात, मेमध्ये. तेच ठिकाण आधी पाणी, मग पक्षी, मग शेत. त्यात काही न बोलताही धरण कळेल. एक असा, जो रांजणगाव सांडसच्या संगमापासून भीमेबरोबर खाली येतो आणि आपल्या स्वयंपाकघरातलं पाणी रोहिताच्या चोचीपर्यंत पोचवतो. आणि एक असा, ज्यात थवा उडत नाही. दहा मिनिटं तो फक्त खातो. कॅमेरा होडीत आहे, होडीवाला काठी रोवून थांबला आहे, आणि कुठवर जायचं हे त्यानं ठरवलं आहे.

असे व्हिडिओ कमी बघितले जातील, असं कुणी म्हणेल. कदाचित. पण आत्ताचे सगळे एकसारखे झाले आहेत, आणि एकसारख्या गोष्टींचा कंटाळा येतो, हा साहित्याचा फार जुना नियम आहे. या प्रकाराला नवं काही हवं असेल तर ते नव्या लोकेशनमध्ये मिळणार नाही. महाराष्ट्रात अजून किती काठ उरलेत? ते त्याच काठावर, कापून टाकलेल्या भागात पडलेलं आहे.

एकटं राहावंसं वाटणं यात काही चूक नाही. पण एकटं राहायला रिकामी जागा लागत नाही. धनगर म्हातारा वाड्यापासून जरा लांब, मेंढ्यांकडं पाठ करून बसतो, तेव्हा तोही एकटाच असतो. त्याला फक्त माहीत असतं की मागं कोण आहे.